ट्रेलर जागचा हलला नाही

—रबर हाये साहेब, त्याले काय होते म्हनता, पन होते ना! हात लावून पाहा. भेग दिसते एखादी? नाही दिसत. पाच सालं झाले या ट्रेलरले वाडीच्या या गोदामामागं उभं राहून, आन् आठच्या आठ टायर असे, का उद्या लोखंड भरा आन् अमरावतीले न्या. तुम्ही कोर्टाचे मानसं, पंचनाम्याले आले, तुमाले गाडीचं काय कळनार—राग नोका मानू. दोघं भाऊ मालक, वाटनीवरून भांडले, कोर्ट म्हने निकाल लागेपर्यंत ट्रेलर जागचा हलवाचा नाही. मंग सांभाळाले कोन? हा धोंडबा. नऊ सालं डायवर होतो ना मी त्याचा! कागदावर सही केली, राहाले ही खोली भेटली.

पन उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते, हे कोर्टाले कोन सांगन? काहून म्हनता? सारा भार टायरच्या एकाच जागी. दोन महिने तसंच राहू द्या, खालून चपटा होते, मंग काही केल्या गोल होत नाही. वरून आपलं नागपूरचं ऊन—रबर पापडावानी तडकते. म्हनून हे बारदान, उन्हाच्या बाजूनं बांधतो, पावसात सोडतो, नाहीतं ओल धरते. हवा भराले नाक्यावरचा भैय्याजी येते. आन् हे ठोकळे पाहा एक्सलखाली, सागाचे, लकडगंजातून आनले. भार ठोकळ्यावर, टायर अधर.

ठोकळे कवा लावले? झाले दोन सालं. त्याच्या आधी? आधी... आधी दर अवसेले हातभर पुढं घेत होतो ना. हातभरच! त्याले काय हलवनं म्हनते का कोनी? झोपल्या मानसानं कूस बदलली, तं तो गावाले गेला म्हनता का तुम्ही? शेजारच्या रुपरावचा ट्रॅक्टर जोडाचा, जरासा ओढाचा, आन् चाकामागं दगड द्याचा. दगड रंभा देये. रंभा म्हंजे माही बायको. तिले सवय होती, मी हात वर केला का ती दगड सारे. दोन सालाआधी एका अवसेले ट्रॅक्टरचा आकडा सुटला. ट्रेलर मागं आला—इथं उतार हाये जरा, पाहा—दगड सरकला, आन् ती खाली वाकलेली...

पाय गेला साहेब. अर्धा. घोट्याच्या पुढचा.

दवाखान्यात डॉक्टर म्हने, कशाखाली आला? मी म्हनलं, बैलगाडीखाली. ट्रेलर म्हनलं असतं तं कागदावर आलं असतं, कागद कोर्टात गेला असता, मंग खोली कुठची आन् ट्रेलर कुठचा? डॉक्टर म्हने, बैलगाडीनं असा चुरा होत नाही. मी म्हनलं, भरली होती. रंभानं भिंतीकडं तोंड केलं. तवापासून त्या गोष्टीवर एक शब्द नाही बोलली. बोलन तरी कशी? ती चाकाखाली अडकली होती, वरडून राहिली होती, आन् मी आधी काय पाहिलं? टायर. दगडानं त्याची कड तं नाही कापली, म्हनून. एक डाव हात फिरवला मी त्याच्यावर. मंग तिच्याकडं गेलो. तिनं पाहिलं ते. पाहिलंच ना, दुसरीकडं कुठं पाहन ती?

तुम्ही काय लिहून राहिले? हे नाही लिहाचं साहेब. टायरचं लिहा. आठही चांगले म्हना. ट्रेलर जागचा हलला नाही, एवढं लिहा ना, हात जोडतो. तिची जबानी? तिले काय विचारता, बाईमानूस हाये, तिले आठवत बी नसन. मी सांगतो ना, बैलगाडीच होती. हो, आता तसंच म्हनतो मी!

रंभे, तू काहून उठली वं? काठी कुठं हाये तुही? कोनी नाही, साहेब हायेत, जाऊन राहिले. या साहेब तुम्ही. या म्हनलं ना! रंभे, आत जाय. तुले कोनी काही विचारलं नाही. रंभे—