गुरूंची पाठ

हाडांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघता बघता मास्तरांनी शेजारच्या बाईंना गाठलं. ‘ताई ची’ या संथ चिनी व्यायामाच्या त्यांच्या वर्गाला चार नावं झाली होती; पाचवं मिळालं तरच हॉल मिळणार होता.

“सांगून कुणाला पटायचं नाही बाई, पण मी अस्सल यांग घराण्याचा! गुरूंनी मला सात वर्षं नुसतं झाडासारखं उभं केलं. डोक्यावर चिमणीनं घरटं बांधलं!”

“अगोबाई! अंडी घातली की नाही?”

“दोन! पिल्लं उडाली, तेव्हा कुठे गुरूंनी हात हलवू दिला.”

“बाकी शिष्य?”

“मी एकटाच. चेन घराण्यातले पाय आपटतात. आमचं सगळं लोण्यासारखं. ढकलायला आलेला आपणच भिंतीवर जातो!”

“मग सुरुवात करून दाखवा की.”

मास्तर उठले, गुडघे वाकवले आणि झोकात डावीकडे वळले.

“काका, आधी उजवीकडे वळतात. गुरू पाठ करून उभे राहतात, शिष्य मागून बघतो. हे असं उलटं कोण शिकतं, सांगू? टीव्हीतल्या, आपल्याकडे तोंड केलेल्या गुरूची आरशासारखी नक्कल करणारा!”

मास्तरांचा हात हवेतच राहिला.

“तुम्हाला हो काय ठाऊक?”

“बावीस वर्षं करतेय. लिहा पाचवं नाव. फक्त पुढे मी उभी राहणार, तुम्ही मागे.”