घरचा फोन की पोस्टातला

फिनिक्स गावच्या पोस्टात लंडनला फोन लावायला रांग होती. पै-पैचा हिशेब ठेवणारा बलराम पुढच्या सासू-सुनेचं बोलणं कान देऊन ऐकत होता.

"आई, आपण घरीच फोन घेऊ या."

"आणि महिन्याचं भाडं तुझा बाप भरेल?"

"मी शिवणकाम करते ना."

"इथंच बरं. आधी पैसे भरायचे, तेवढंच बोलायचं, घरी जायचं."

"पण घरी फोन असला तर हे लंडनहून आपणहून करतील."

"माझ्या लेकाला तू ओळखतेस ना?"

"आपला नंबरच नाही, म्हणून करत नाहीत. तुम्हीच तर सगळ्यांना सांगता."

"सांगते. देवळात मंडळाच्या बायका विचारतात, तेव्हा तेच सांगते."

"मग?"

"घरात फोन बसल्यावर काय सांगू, बसंती?"