चार्ज कुणाकडे

(उज्जैन. देवास गेटच्या बसस्टँडसमोरचं विश्राम लॉज. सकाळची वेळ. पोर्चमध्ये टेबल, टेबलामागे खुर्ची, खुर्चीत बापू. या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, असा घरच्यांचा आजवरचा अनुभव आहे.)

बापू : म्हणजे माझ्यानं आता लोड झेपत नाही, असं तुमचं म्हणणं.

निखिल : तुमच्यानं असं नाही सर. मतलब, एकंदरच. सिस्टिम जुनी झालीय. तेव्हा ठीक होती. आता मागणी वाढली, ती जुन्यावर किती दिवस धकवणार?

बापू : जुनं म्हणजे टाकाऊ नव्हे.

निखिल : टाकायचं नाहीच सर. बायपास करायचं. जुनं आहे तिथंच राहू द्यायचं, फक्त त्याच्यावर काही सोपवायचं नाही.

बापू : असं. आणि हे सुचवलं कुणी?

निखिल : मुक्ता मॅडमनी. फोनवरच म्हणाल्या, बापू आहेत तोवर चार्जचं नक्की करून टाकू.

बापू : ऐकलं मी ते. काल जिन्याखाली उभी राहून बोलत होती. सासऱ्याच्या माघारी सून जिन्याखाली बोलते, म्हणजे मला वाटलं वकीलच असणार. तुम्ही वकील ना?

निखिल : इंजिनिअर आहे सर. इंदूरहून आलो. निखिल.

बापू : हल्ली चार्ज काढून घ्यायला इंजिनिअर पाठवतात. आमच्या वेळी नुसतं पत्र यायचं.

निखिल : काढून घ्यायचा नाही सर, द्यायचा आहे. सध्या एका वेळी एकाला देऊ. पुढे लोड वाढवून मिळाला की दोघांना.

बापू : मी रेल्वेतला माणूस. एका स्टेशनाचा चार्ज दोघांना? अपघात होईल.

निखिल : अर्थिंग नीट केलं तर नाही होत.

बापू : मुक्ता. जरा बाहेर ये.

मुक्ता : आले. पोहे वाफेवर ठेवलेत. काय झालं बापू?

बापू : तुला चार्ज हवा होता, तर तोंडानं मागायचा. त्यासाठी इंदूरहून माणूस कशाला आणलास?

मुक्ता : तुम्हाला विचारूनच आणला. परवा जेवताना मी म्हटलं, चार्जिंगवाल्याला बोलावू का. तुम्ही म्हणालात, बोलाव.

बापू : मला वाटलं मोबाइलचा. माझ्या चार्जरची पिन सैल झालीय.

निखिल : एक मिनिट. सर, मी गाड्यांचं बोलत होतो. इलेक्ट्रिक कार. त्या रात्री इथं उभ्या राहतील, चार्ज होतील.

बापू : आणि ते लोडचं?

निखिल : मीटरचं.

बापू : बायपास?

निखिल : जुन्या वायरिंगची.

बापू : माझी झालीय म्हणून विचारलं. बसा मग. मुक्ता, यांना पोहे दे. सेव जास्त घाल, इंदूरचे आहेत, नाहीतर तिकडे जाऊन आपली बदनामी करतील.

मुक्ता : पोहे मिळतील. पहिले जागा सांगा कुठली धरलीत.

निखिल : मॅडम, लॅपटॉपवर दाखवतो. हे बघा, सिंहस्थापर्यंत तुमचं लॉज असं दिसणार.

बापू : हे कुठलं लॉज?

निखिल : हेच सर. फ्यूचरमधलं.

बापू : हे गोरे लोक कोण कॉफी पिताहेत?

निखिल : ते रेडिमेड येतात चित्रात.

बापू : उज्जैनमध्ये सिंहस्थाच्या नावावर कुणी काहीही खपवतं. मागच्या महिन्यात एक जण सिंहस्थ स्पेशल पंखा विकून गेला. फिरतो तो उलटाच. अरे ओ ऑटोवाले भैया, गेट के सामने मत लगाओ, आगे लो, आगे. हां, बोला.

निखिल : जागेच्या अटी साध्या आहेत. गाडी आत यावी, वर छप्पर असावं, मीटर जवळ असावा आणि ड्रायव्हरला रस्त्यावरून दिसावं. मी अख्खी प्रॉपर्टी फिरून बघितली. अशी जागा एकच आहे.

बापू : कुठली?

निखिल : तुम्ही बसलात ती.

बापू : मागच्या गल्लीत लावा.

मुक्ता : मागच्या गल्लीत गाय बसते.

बापू : तिला उठवा.

मुक्ता : मागच्या सिंहस्थात माणसं आली होती उठवायला. माणसं गेली, गाय आहे.

बापू : मग गच्चीवर.

निखिल : सर, कार आहे ती.

बापू : पाण्याची टाकी चढवलीच ना आपण.

मुक्ता : टाकी रोज पहाटे उतरून महाकालला जात नाही.

बापू : तू चिडू नकोस. मला एक सांग, आपल्याकडे कारनं येतं कोण? आपला माणूस बसनं येतो. इथून मला बसस्टँडचं फाटक दिसतं. मराठी माणूस मी नुसत्या पिशवीवरून ओळखतो. या म्हटलं की येतात.

मुक्ता : येत होते. आता इंदूरला उतरतात, तिथून टॅक्सी करतात. टॅक्स्या बिजलीच्या होत चालल्यात. ड्रायव्हर पहिले विचारतो, रातभर गाडी चार्जिंगला लावायला पॉइंट आहे का. नाही म्हटलं की पार्टीला सांगतो, या लॉजमध्ये ढेकूण आहेत.

बापू : आपल्याकडे ढेकूण नाहीत.

मुक्ता : पॉइंटही नाही. पण ढेकणांचं लोकांना लवकर पटतं.

निखिल : मॅडम, हा ढेकणांचा मुद्दा मी प्रेझेंटेशनमध्ये घेऊ का? क्लायंट हलून जाईल. सर, मी तर सगळ्यांना सांगतो, पेट्रोल आता गया समझो.

मुक्ता : तुम्ही इंदूरहून कसे आलात?

निखिल : बाइकवर.

मुक्ता : कशाच्या?

निखिल : पेट्रोलच्या.

मुक्ता : का?

निखिल : रस्त्यात चार्जिंगचा भरवसा नाही ना मॅडम.

बापू : बघ.

मुक्ता : काय बघ? तोच भरवसा तर इथं लावायचाय. बापू, नाशिकच्या अंबिकाताई दर श्रावणात आपल्याकडे उतरतात. यंदा त्यांच्या मंडळींनी बिजलीच्या गाड्या घेतल्यात. थोड्या वेळात त्यांचा फोन येईल. सोय होणार असली तर इथं, नाहीतर दुसरीकडे. मला आज हो किंवा नाही सांगायचंय.

बापू : सांग, यशोधन आल्यावर ठरवू.

मुक्ता : यशोधन काय ठरवणार?

बापू : मुलगा आहे माझा, चार्ज त्याच्याकडे जायचाय. बँकेतून सुटला की तो बसेल इथं, तोवर मी आहे. निखिल, मी स्टेशन मास्तर होतो. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हा आमचा नियम. नागद्याला एकदा माझा रिलिव्हर तापानं पडला. आलाच नाही. मी तसाच बसून राहिलो. मंडळी डबा घेऊन आली, मी सिग्नलवर नजर ठेवून जेवलो, पण उठलो नाही.

निखिल : ग्रेट सर.

बापू : ग्रेट काय त्यात? गाड्या येत राहतात. कुणीतरी असावं लागतं.

मुक्ता : बापू, यशोधनला इथं बसायचं नाहीये.

बापू : दमतो तो बँकेत.

मुक्ता : रविवारीही बसत नाही. टावर चौकात मित्रांबरोबर दोन तास उभा राहील, पण या टेबलाशी दहा मिनिटं नाही.

बापू : रिटायर झाला की आपोआप येईल. रक्तात असतं ते.

मुक्ता : तो विकायचं म्हणतो.

बापू : काय विकायचं?

मुक्ता : लॉज. फ्रीगंजमधल्या कुणाशी तरी बोलून ठेवलंय. मला म्हणाला, नाशिकची पार्टीही गेली की बापूंना आपोआप पटेल. मी भांडले त्याच्याशी. तुम्हाला सांगणारही नव्हते.

निखिल : मी जरा मीटर बघून येतो.

मुक्ता : तीनदा बघून झालाय तुमचा. बसा, पोहे आणते.

बापू : पोहे राहू दे. माझ्याशी का नाही बोलला तो?

मुक्ता : तुमच्याशी कोण बोलतं बापू? तुम्ही सिग्नल देता, आम्ही थांबतो.

बापू : मग मी इतकी वर्षं वाट कुणाची बघत होतो?

मुक्ता : ते मला विचारू नका, मला रडू येईल. बाथरूम तुंबलं की मी उठते. टँकर मी बोलावते. अंबिकाताईंच्या पार्टीत बिनसाखरेचा चहा कुणाला, ते मला ठाऊक. आणि जिन्यातला बल्ब गेला तर बदलू का म्हणून तुम्हाला विचारते. राग येतो मला. रिलिव्हर कधीची तुमच्या टेबलाशी येऊन उभी आहे, आणि तुम्ही प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाकडे बघून राहिलात.

बापू : मला वाटायचं तू चहा घेऊन आलीस.

मुक्ता : चहाही आणलेला असायचा.

बापू : निखिल.

निखिल : सर.

बापू : तुमचा पॉइंट इथं लावला, तर खुर्ची कुठं जाते?

निखिल : थोडी सरकवली की सर... नाही. खोटं कशाला बोलू. इथं गाडी उभी राहणार, खुर्ची राहत नाही. आत काउंटरजवळ ठेवता येईल.

बापू : तिथून बसस्टँड दिसत नाही.

निखिल : नाही दिसत.

बापू : सकाळपासून हे तुम्ही पहिलं खरं बोललात.

निखिल : हो सर. चित्रात खुर्ची नव्हतीच, म्हणून तोवर अडचण आली नाही.

मुक्ता : बापू, राहू द्या. मी नाशिकला नाही म्हणून कळवते. तुम्हाला उठवून मला काही नकोय.

बापू : तू कुठं उठवतेस? माझी ड्यूटी केव्हाच संपली होती. मीच ओव्हरटाइम करत बसलो, तोही कुणी न सांगता. ये इकडे. अशी बाजूला नाही, समोर उभी राहा. आमच्यात चार्ज तोंडानं सांगून देतात, म्हणजे मागाहून कुणी नाही म्हणत नाही.

मुक्ता : बापू, निखिल बघतायत.

बापू : बघू दे. साक्षीदार लागतोच. ही गल्ल्याची किल्ली. ही वरच्या टाकीच्या कुलपाची, जरा उलटी फिरवायची. मागची गाय, तिच्या वाटेला जायचं नाही. बल्ब, विचारायचं नाही. यशोधन विकायचं म्हणाला तर त्याला म्हणायचं, चार्ज माझ्याकडे आहे, माझ्याशी बोल. आणि हा फोन.

मुक्ता : फोन तुमच्याकडे राहू द्या.

बापू : चार्ज अर्धा देत नाहीत. आता तू म्हण, चार्ज घेतला.

मुक्ता : घेतला.

बापू : पूर्ण म्हण.

मुक्ता : चार्ज घेतला, बापू.

बापू : त्यात बापू नसतं. पण चालेल. निखिल, हात द्या जरा. गुडघे खुर्चीला सरावलेत.

निखिल : सावकाश सर. आणि सर, फोन वाजतोय.

मुक्ता : नाशिकचाच असेल. उचला ना बापू, तुमच्याच हाताशी आहे.

बापू : हॅलो, विश्राम लॉज. हो अंबिकाताई, बापूच बोलतोय. गाड्यांचं ना? होईल सोय. जागा झाली, आत्ताच रिकामी केली. किती वाजता, कुठल्या खोल्या, ते मला नका विचारू. थांबा, आता चार्ज ज्यांच्याकडे आहे, त्यांना देतो.