चार शितं उजवीकडे

हॅलो?… हॅलो… कोण, मीनल? बोल गं. कामावरून पोचलीस मेडनहेडला घरी?… आवाज का असा?

मी बरा आहे. का?… अनुपनं फोन केला? काय म्हणाला?

मेमरी टेस्ट? माझी?

नाही, नाही, थांब. अगं, ऐक ना. काल माझा वाढदिवस म्हणून मला सुशी खायला नेलं, ते सांगितलं का त्यानं?… इथंच, ब्रिस्टलमध्ये. एवढंसं हॉटेल. एक लांब लाकडी फळी, अलीकडे आपण ओळीनं बसायचं, पलीकडे शेफ. एकेक घास हातानं वळून पुढ्यात ठेवतो… हो, कच्चा मासा. खाल्ला की! आपल्याला काय माशाचं वावडं?… उत्तम. मासा गार, भात कोमट. आणि हातानंच खा म्हणाला, मी तर खूश.

तेच सांगतोय. पहिला घास आला. मी त्यातली चार शितं काढून उजवीकडे ठेवली… हो गं, चित्राहुती! मुंज झाल्यापासून घालतोय, हात आपोआप जातो. भोवती पाणी नाही फिरवलं हं. परक्याची फळी, तेवढी अक्कल आहे मला.

हसू नकोस, पुढे ऐक. शेफनं ती शितं पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला. भात बिघडलाय असं वाटलं असावं त्याला. वास घेतला, चाखून पाहिला… आणि सगळा भात टाकून दिला! लाकडी बादली भरून भात, मीनल! नवा होईपर्यंत सगळे ताटकळले…

मी? मी काय बोलणार? 'ऑफरिंग' म्हणावं, की 'ग्रेस' म्हणावं… शब्द जुळवेपर्यंत उशीर झाला. नेहमीसारखाच. तेवढ्यात तुझा भाऊ म्हणतो कसा, "सॉरी, डॅड गेट्स कन्फ्यूज्ड." सगळ्यांदेखत! वर माझी पाठ थोपटली. थोपटली गं, तान्ह्या बाळासारखी!

अन्नाला मान म्हणून ठेवली शितं, आणि माझ्यामुळेच एवढं अन्न कचऱ्यात…

त्याला माहीत नाही? रोज माझ्यासमोर जेवतो तो! फोनमधून मान वर काढली तर दिसेल ना!

काय?… बसनं लायब्ररीत एकट्यानं जायचं नाही? असं म्हणाला?… आणि हे तुला सांगतो, मला नाही! तिथल्या त्या खिडकीजवळच्या खुर्चीशिवाय मला आहे काय दुसरं इथं?

चष्मा विसरतो, हो. परवा पुस्तकही बसमध्ये राहिलं. पण मी आधीही असाच होतो… होतो ना? तुला आणायला निघालो आणि वाचता वाचता दुसऱ्याच शाळेच्या फाटकापाशी उभा राहिलो होतो… हां, तेच. तेव्हा कुठं कोणी टेस्ट केली?

मीनल… तुला नाही ना तसं वाटत? खरं सांग… बरं. बरं.

नको, तू नको बोलूस त्याच्याशी… माहीत आहे, मला जमत नाही. पण तू बोललीस, तर म्हणेल बाबांना आता बोलताही येत नाही.

थांब, हाक मारतोय. पानं वाढलीत… वरणभात आहे.

आलो रे! अनुप, तो फोन खाली ठेव आधी. पेलाभर पाणी दे… नाही, प्यायला नाही. बस समोर. माझ्या ताटाकडे बघ, आणि मी सांगतो ते ऐक.

मीनल, ठेवतो गं. भात निवतोय.