चारही नवे टायर

पंक्चर निघेपर्यंत एक शिक्षिका टायरच्या दुकानात बसली होती. शेजारी एक आजोबा दुकानदाराशी बोलत होते. त्यांचं बोलणं ऐकताना तिने हातातला पेपर कधीच मिटला होता.

"आजोबा, हायवेला नेहमी जाणं असेल तर हे घ्या. ओल्या रस्त्यावरही पकड सोडत नाहीत."

"चारही बसवा."

"मागचे दोन अजून चालतील की."

"नकोत. सून चालवते गाडी. वर्षभर दर आठवड्याला मला उपचारांना नेलं तिनं, शंभर किलोमीटर. एकदा तोंड वाकडं केलं नाही."

"आता तब्येत?"

"ठणठणीत! डॉक्टर म्हणाले, आता येऊ नका."

"मग हायवे कशाला?"

"आमच्या विहीणबाईंना, सुनेच्या आईला, तोच आजार निघालाय. मीही सोबत जाणार. या रस्त्यानं बरं होऊन परत येता येतं, हे मायलेकींना सांगायला कुणीतरी नको?"