अप्पांनी चावून घेतलेला चेंडू

लोडशेडिंगच्या दिवसांतली गोष्ट सांगते, तुम्ही हसाल. अंधार झाला की आमचा कुत्रा शेरू घाबरून केकाटायचा, म्हणून त्याला आपटल्यावर लुकलुकणारा चेंडू आणला होता. एकदा त्याने तो चावून फोडला आणि आतला बटणाएवढा सेल फरशीवर पडला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "गिळला असता तर पोट आतून जळलं असतं. सेलचं झाकण घट्ट, स्क्रूचं असेल तोच चेंडू घ्या."

मी नवा चेंडू आणायला मेन रोडला निघाले, तर सासरे चपला घालून तयार. "कुत्रं घरात आलं तर मी बाहेर," म्हणणारे हेच अप्पा!

दुकानात त्यांनी एक चेंडू उचलला आणि सरळ दाढेखाली धरला.

"अहो काका, खायचा नाही तो!" दुकानदार ओरडला.

"माहितीये. झाकण निघतं का बघतोय." झाकण निघालं. "हा नको. दुसरा दाखव."

"सगळे उष्टे केलेत तर विकू कुणाला?"

"मग? आमचा शेरू काय हाताने खेळतो?"

"अप्पा, पुरे ना, लोक बघतायत," मी कुजबुजले.

पुढचा चेंडू जाड रबराचा, स्क्रूवाला होता. अप्पांनी जोर लावला आणि त्यांची कवळीच त्यात रुतून बाहेर आली. चेंडू काउंटरवर पडून लाल-हिरवा लुकलुकायला लागला, कवळी त्याला घट्ट धरून.

अप्पांनी तोंडावर रुमाल धरला, चेंडू फिरवून नीट पाहिला आणि म्हणाले, "झाकण हललं नाही. हाच दे."