डुकराची बदनामी

...नाही हो, ती किडनी चांगलीच होती, तेच तर केव्हापासून सांगतोय! नासका निघालो मी, आणि दोष कुणाला? त्या बिचाऱ्या डुकराला!

हो, डुकराचीच किडनी. माझ्या दोन्ही गेल्या, माणसाची काही मिळेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डुकराचे जीन्स बदललेत, शरीर त्याला चटकन परकं म्हणणार नाही. पण गोळ्या जन्मभर, वेळच्या वेळी! चुकवल्यात तर शरीर किडनीवर तुटून पडेल." मी म्हटलं, "चुकवतोय कशाला?"

आता तुम्हाला सांगतो, माझा धंदा न्हाव्याचा, आणि त्या गोळ्यांनी हात थरथरतो हो! एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली. एवढंसं रक्त... तर तो अर्ध्या कापलेल्या डोक्यानिशी उठला आणि समोरच्या दुकानात जाऊन बसला! जीव जळेल की नाही? म्हटलं, चार दिवस गोळ्या बंद, कुणाला कळतंय? टाकल्या मोरीत.

पाचव्या दिवशी ताप, पाय हे एवढे सुजलेले! दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या घेताय ना?" मी म्हटलं, "घड्याळ लावून!" आणि बायको भाबडी, तीही म्हणते, "फार काटेकोर आहेत हो ते!" मग काय... दोष कुणाला? डुकराला! त्याच्याच अंगातून काही रोग आला असणार म्हणे.

ते डुक्कर वाढवणाऱ्या बाईंना बोलावलं. हातात रोजच्या नोंदींची वही, डोळ्यांत पाणी. "साधी शिंक आली तरी मी त्याच्या खोलीत पाऊल टाकलं नाही, डॉक्टरीणबाई. कुठं कमी पडले मी?" आणि मी? मी छताकडे बघत पडलेलो!

तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांच्या रक्तात औषधाचा मागमूसही नाही!" बायकोनं वळून नुसतं, "अहो?" म्हटलं... आणि माझ्या तोंडून निघालं, "मोरीत टाकल्या."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं हो! त्या डुक्करवाल्या बाई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे दादा, त्याचा काही दोष नव्हता ना?" मेल्याहून मेल्यासारखं झालं!

सलाइनमधून जबर औषधं दिली, किडनी वाचली. कात्री आता बायकोच्या हातात, मी केस झाडतो. आणि सकाळ-संध्याकाळ त्याच डुक्करवाल्या बाईंचा व्हिडिओ कॉल, गोळी गिळली का बघायला! "दादा, आ करा. जीभ उचला." भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर! करतो आ... करणार काय? वर म्हणतात कशा, "त्यानं नाही हो कधी एवढा त्रास दिला!"